लाइनची क्षमता नेमकी मोजतात कशी? रोहा–ठोकूर (कोकण रेल्वे) आणि बुलेट, दोन्हींचे गणित हवे

दिवा_डाउन

गणपतीच्या तोंडावर जादा गाड्यांची मागणी झाली की ठरलेले उत्तर येते: लाइन फुल्ल आहे. फुल्ल म्हणजे किती, आणि ते ठरवतात कसे, हे आकड्यांत समजून घ्यायचे आहे. प्रवासी संघटनेच्या निवेदनात घालायचे आहे, त्यामुळे हवेतले काही नको.

एकेरी मार्गाचे स्कॉट सूत्र माहीत आहे: दिवसाची १४४० मिनिटे भागिले (धावकाळ + परवानगी-सिग्नलचा वेळ), गुणिले ०.७. १२ किमीचा ब्लॉक सेक्शन (दोन स्टेशनांमधला, एका वेळी एकच गाडी घेणारा तुकडा) आणि ताशी ४५ किमीने जाणारी मालगाडी धरली, तर धावायला १६ मिनिटे. लाइन क्लिअर (पुढच्या स्टेशनची परवानगी) वगैरेसाठी ५ मिनिटे. १४४० ÷ २१ × ०.७ म्हणजे दोन्ही दिशा मिळून ४८ गाड्या. इथवर बरोबर आहे ना? मग मध्ये एक क्रॉसिंग स्टेशन (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात ते) टाकले की सेक्शन अर्धा होतो, म्हणजे क्षमता दुप्पट व्हायला हवी. सापे वामने, कडवई, आचिर्णे अशी नवी स्टेशने झाली, तरी गाड्या क्रॉसिंगला पडतातच. असे का?

दुसरा प्रश्न आपल्याच उत्तर कोकणातला. ठाणे–विरार–बोईसरवरून मुंबई–अहमदाबाद बुलेटची लाइन चालली आहे. दोन गाड्यांत तीन मिनिटांचे अंतर पुरते म्हणतात. मग तासाला २० गाड्या सुटायला हव्यात. जगात कुठेच २० का दिसत नाहीत? आणि वेग वाढला की क्षमता वाढते, हे तरी खरे का?

चार्टवाला

तुमचे ४८ बरोबर आहेत. फक्त तो आकडा रोहा–ठोकूरचा नाही, त्या एका सेक्शनचा आहे. साखळीतला सर्वांत जास्त वेळ खाणारा सेक्शन अख्ख्या मार्गाची क्षमता ठरवतो. बाकीचे कितीही मोकळे असले तरी उपयोग नाही.

आता मधल्या स्टेशनचे बघा. १२ चे ६ + ६ झाले. धावकाळ १६ वरून ८ वर आला, पण ती ५ मिनिटे अर्धी होत नाहीत, ती प्रत्येक सेक्शनला पूर्ण लागतात. म्हणून १४४० ÷ १३ × ०.७ = ७७. दुप्पट म्हणजे ९६ नव्हेच. शिवाय नव्या स्टेशनात जी गाडी उभी राहणार, तिला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला सेक्शनमागे दोनेक मिनिटे जास्त लागतात. ती धरली की १४४० ÷ १५ × ०.७ = ६७.

हेही कागदावरच. कारण शेजारचा सेक्शन ११ किमीचा असेल, तर त्याचा धावकाळ १४.७ मिनिटे आणि क्षमता ५१. म्हणजे एक स्टेशन बांधून मार्गाची क्षमता ४८ वरून ६७ वर जात नाही, ५१ वर जाऊन अडकते. अडचण तिथली उठून शेजारी जाऊन बसते. म्हणूनच अशी स्टेशने एकेक करून बांधण्यात अर्थ नसतो, ओळीने सगळे लांब सेक्शन फोडावे लागतात. सापे वामने, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही एकाच कार्यक्रमात आली ती याच हिशेबाने. जिथे फोडताच येत नाही तिथे मात्र हात टेकावे लागतात. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किमीचा करबुडे बोगदा आहे. त्याच्या पोटात लूप लाइन (गाडी बाजूला उभी करायची लाइन) कोण घालणार?

दुसरी गोष्ट, त्या ५ मिनिटांकडे फार कोणी बघत नाही. त्यात काय काय येते? गाडी पूर्ण आत येणे, शेवटचा डबा आला याची खात्री, ब्लॉक बंद करणे, पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर घेणे, पॉइंट (रूळ बदलायची जागा) बसवून लॉक करणे, सिग्नल देणे, आणि लोको पायलटने तो बघून गाडी हलवणे. शेवटच्या डब्याची खात्री ॲक्सल काउंटरने (चाकांचे आस मोजणाऱ्या यंत्राने) केली, पॉइंट-सिग्नल पॅनेलवरून चालवले, तर हा वेळ अडीच मिनिटांवर येतो. मग तुमच्याच १२ किमीच्या सेक्शनला १४४० ÷ १८.५ × ०.७ = ५४. एकही रूळ न टाकता ४८ चे ५४. वर एक स्टेशन बांधून ५१ झाले होते, हे लक्षात घ्या.

तिसरी गोष्ट स्टेशनातली, आणि माझ्या मते एकेरी मार्गावर सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. दोन्हीकडून गाड्या एकाच वेळी आत घेता येतात का? बहुरंगी सिग्नल असलेल्या स्टेशनात सिग्नलच्या पुढे १२० मीटर ओव्हरलॅप, म्हणजे सुरक्षेची जागा, मोकळी लागते. पहिली गाडी चुकून स्टार्टर (स्टेशनातून सुटायचा सिग्नल) ओलांडून गेली, तर ती समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेवर जाऊ नये, यासाठी सँड हम्प (गाडी अडवणारा वाळूचा उंचवटा) किंवा वेगळी काढलेली लाइन असावी लागते. ती नसेल तर पहिली गाडी आत येऊन पूर्ण उभी राहीपर्यंत दुसरी होम सिग्नलबाहेर (स्टेशनात शिरायच्या सिग्नलबाहेर) तिष्ठते. प्रवाशाला वाटते गाडी रानात का थांबली. ती चार-पाच मिनिटे एका क्रॉसिंगची झाली. रत्नागिरीपर्यंत पाच क्रॉसिंग पडली तर वीस-पंचवीस मिनिटे गेली.

लूपचा वेगही त्यातच येतो. १ इन १२ च्या नेहमीच्या पॉइंटवरून लूपमध्ये शिरताना ताशी ३० ची मर्यादा असते. २२-२४ एलएचबी डब्यांची गाडी इंजिनासकट पावणेसहाशे मीटरच्या आसपास भरते. बाहेर पडताना शेवटचा डबा पॉइंट सोडीपर्यंत ३० नेच रांगायचे, म्हणजे ७० सेकंद. जाड पात्याचे स्विच बसवून हा वेग ५० केला, तर आत येताना अर्धा मिनिट आणि बाहेर पडताना अर्धा मिनिट वाचतो. मिनिट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण जी गाडी बाजूला घेतली तिला प्रत्येक क्रॉसिंगला तेवढा फायदा.

आकडेमोड

चार्टवाल्यांचे पटले, पण स्कॉटच्या सूत्रावर इतका भरवसा नको. दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे ते सर्वांत हळू गाडी धरते. मालगाड्यांच्या मार्गावर ठीक आहे, पण कोकणात दिवसा प्रवासी गाड्यांचेच राज्य असते. पावसाळ्याचे उदाहरण घ्या. पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. जोराचा पाऊस असेल तर ताशी ४० ने चालवायचे. स्कॉटमध्ये घाला: १२ किमीला १८ मिनिटे, अधिक ५, उत्तर ४३. उन्हाळ्यात ४८ होते. म्हणजे पावसाने फक्त पाचच गाड्या गेल्या म्हणायच्या! कारण मालगाडी आधीच ४५ ने चालत होती, तिला ४० ने काय फरक पडणार.

आता ९० ने जाणारी मेल धरा. उन्हाळ्यात ८ मिनिटे + ५ = १३, क्षमता ७७. पावसात १८ + ५ = २३, क्षमता तीच ४३. घट ४४ टक्क्यांची. खरी स्थिती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, गाड्यांच्या मिश्रणानुसार. तेव्हा निवेदनात सरासरी धावकाळ घाला: प्रत्येक प्रकारच्या गाडीचा धावकाळ गुणिले त्या प्रकारच्या गाड्यांची संख्या, भागिले एकूण संख्या. आणि पावसाळ्याचे व कोरड्या दिवसांचे गणित वेगळे मांडा, कारण गणपती नेमके पावसाळी वेळापत्रकात येतात. उन्हाळ्याच्या क्षमतेवर भाद्रपदातल्या जादा गाड्या मागितल्या, तर समोरचा पहिल्याच ओळीला तुम्हाला गप्प करील.

दुसरी अडचण ०.७ ची. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. दुरुस्तीचे ब्लॉक, सिग्नल बिघाड, गाड्या उशिरा येऊन एकावर एक साचणे, याला ठेवलेली ती सवड आहे. ती खाल्ली तर काय होते? रांगेचे साधे गणित घ्या: वापर अ असेल तर वाट पाहणे साधारण अ ÷ (१ − अ) च्या प्रमाणात वाढते. ७० टक्क्यांना २.३, ८० ला ४, ९० ला ९. म्हणजे ७० वरून ९० वर गेलात तर गाड्या २९ टक्के वाढल्या, पण ताटकळणे जवळजवळ चौपट. खऱ्या मार्गावर आकडे वेगळे येतील, पण वक्र असाच वर उडतो. जादा गाडी सोडता येत नाही असे नसते. ती सोडली की आधीच्या सगळ्यांचा उशीर वाढतो, आणि ती किंमत वेळापत्रकात कुठे छापलेली नसते.

वीर_होम_सिग्नल

एक पुरवणी. रोहा–वीर हा सुमारे ४७ किमीचा भाग ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. तेव्हा बरेच जण म्हणाले, आता गाड्या सुटल्या. तोपर्यंत पनवेल–रोहा दुहेरी होतेच, त्यामुळे एकेरीचे तोंड रोह्यावरून वीरला सरकले एवढेच. मुंबईकडून ताफ्याने येणाऱ्या गाड्या आता वीरपाशी एकामागे एक रांग लावतात. नळ मोठा केला तरी पुढचा पाइप अर्ध्या इंचाचाच आहे.

दुहेरीचा फायदा मात्र दुप्पटीपेक्षा जास्त असतो हेही खरे. प्रत्येक दिशेला स्वतःची लाइन मिळते, आणि शिवाय क्रॉसिंगची सगळी वाट बघणी नाहीशी होते. पुढे तिथे स्वयंचलित सिग्नल बसवले तर एका सेक्शनमध्ये एकामागे एक अशा अनेक गाड्या जातात. हे एकेरीवर केले तर फार हाती लागत नाही. एकाच दिशेच्या दोन-तीन गाड्या पाठोपाठ सोडता येतात, पण समोरून येणाऱ्याला तेवढेच जास्त थांबावे लागते.

दिवा_डाउन

सरासरी धावकाळाचा मुद्दा एकदम पटला, मी उन्हाळ्याचाच हिशेब करत होतो. बुलेटबद्दल कोणी सांगेल का? तीन मिनिटे आणि २० गाड्या, हे अजून उलगडले नाही.

शिंकान_पंचाऐंशी

आधी तीन मिनिटे येतात कुठून ते बघू. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३.३ मीटर. ब्रेक ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला (हा हिशेबापुरता, सोईचा आकडा), तर थांबायला लागणारे अंतर ८३.३ चा वर्ग भागिले १, म्हणजे जवळजवळ ७ किमी. एवढे अंतर पुढच्या गाडीपर्यंत मोकळे हवे. ते कापायला ८३ सेकंद. त्यात ब्लॉकची लांबी १५०० मीटर आणि गाडीची ४०० मीटर, दोन्ही मिळून २३ सेकंद. यंत्रणेचा व चालकाचा प्रतिसाद १५ सेकंद. एकूण १२१, म्हणजे दोन मिनिटे. वेळापत्रक करताना त्यात सवड घालून तीन करतात. फ्रान्समध्ये उत्तरेकडच्या मार्गावर टीव्हीएम ४३० सिग्नल आले, तेव्हा ३ मिनिटांचा हेडवे (दोन गाड्यांमधले वेळेचे अंतर) मिळाला तो याच प्रकारे.

आता वेग वाढला की क्षमता वाढते का? उलट. ब्रेकचा वेळ वेगाच्या प्रमाणात वाढतो. गाडी आणि ब्लॉक ओलांडायचा वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कधी? वरच्या आकड्यांनी ताशी १५७ ला, तिथे हेडवे १०२ सेकंद. ३०० ला १२१. ब्लॉकच काढून टाकले, म्हणजे गाडीच्या मागचे मोकळे अंतर सतत मोजत राहिले, तर सर्वांत जास्त गाड्या ताशी ७२ ला जातात. म्हणजे मुंबईच्या लोकलच्या वेगाला! वेग प्रवाशाचा वेळ वाचवतो आणि रेक (डब्यांचा संच) लवकर मोकळा करतो. रुळावरच्या गाड्यांची संख्या तो वाढवत नाही.

मग २० का होत नाहीत? कारण सगळ्या गाड्या सारख्या नसतात. एक थांबा किती महाग पडतो बघा. ३०० वरून थांबताना ब्रेकमध्ये जाणारा जास्तीचा वेळ ८३ सेकंद. पुन्हा ३०० गाठताना प्रवेग सरासरी ०.२५ धरला तर १६७ सेकंद. फलाटावर दोन मिनिटे. एकूण सहा मिनिटे दहा सेकंद. मुंबई–अहमदाबादच्या जाहीर आराखड्यात मोजके थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटांत आणि सर्व थांबे घेणारी २ तास ५८ मिनिटांत जाते. फरक ५१ मिनिटांचा. गाळलेली स्थानके सात-आठ धरली, तर थांब्यामागे सहा-सात मिनिटे येतात. हिशेब जुळतो.

आता दोन ओलांडण्याच्या जागांमध्ये ६० किमी आहेत असे धरा. थेट गाडी १२ मिनिटांत जाते, मध्ये एक थांबा घेणारी १८ मिनिटांत. हेडवे ३ मिनिटे.

सगळ्या थेट असतील तर तासाला २०.

तीन थेट आणि एक थांबणारी, असे चक्र लावले तर थांबणारीच्या मागून येणारी थेट गाडी ३ मिनिटांनी सोडून चालत नाही, ती वाटेत गाठते. ९ मिनिटांनी सोडावी लागते. चक्र ३ + ३ + ३ + ९ = १८ मिनिटांचे, त्यात चार गाड्या. तासाला १३.

एक थेट, एक थांबणारी अशा आळीपाळीने सोडल्या तर १२ मिनिटांत दोन. तासाला १०. निम्मे झाले!

सहा थेट एकामागे एक, मग सहा थांबणाऱ्या, असे ताफे केले तर ४२ मिनिटांत १२, म्हणजे तासाला १७. पण मग प्रवाशाला एका प्रकारच्या गाडीसाठी मध्ये सत्तावीस मिनिटांपर्यंत ताटकळावे लागते.

हे मोजायची रीतसर पद्धत म्हणजे यूआयसी ४०६. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाने ती २००४ मध्ये काढली, २०१३ मध्ये सुधारली. कृती सोपी आहे: वेळापत्रकाचा चार्ट घ्या (वेळ आडवी, अंतर उभे). प्रत्येक गाडीने प्रत्येक ब्लॉक किती वेळ अडवला ते चौकोन काढा. त्यात फक्त ब्लॉकमधून धावायचा वेळ नाही. मार्ग लावणे, सिग्नल दिसणे, आधीच्या सिग्नलपासून ब्लॉकपर्यंत येणे, शेपूट बाहेर पडणे, मार्ग सुटणे, हे सगळे येते. मग क्रम न बदलता, धावकाळ न बदलता, गाड्या एकमेकींना चिकटेपर्यंत चार्ट डावीकडे दाबा. जेवढी मिनिटे उरतील, भागिले ६०, तेवढा वापर. द्रुतगती मार्गासाठी गर्दीच्या तासाला ७५ टक्के आणि दिवसभराला ६० टक्के ही शिफारस. उपनगरी मार्गाला ८५ आणि ७०, कारण तिथे सगळ्या गाड्या सारख्या.

वरच्या उदाहरणात तीन-एकच्या चक्राने तासाला ८ गाड्या म्हणजे ३६ मिनिटे, बरोबर ६० टक्के. गर्दीत ७५ टक्के म्हणजे ४५ मिनिटे, १० गाड्या. तर २० कागदावरचे आणि १० पोटापाण्याचे.

चार्टवाला

४०६ बद्दल एक सावधगिरी. दाबलेल्या चार्टचा आकडा तुम्ही मार्गाचा तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला यावर फार अवलंबून असतो. गाड्या जिथे क्रम बदलू शकतात, त्या दोन जागांच्या मधलाच तुकडा घ्यायचा. पूर्ण रोहा–ठोकूर एका पट्टीत दाबला, तर एकेरीवर काहीतरी भलतेच उत्तर येते. दोन क्रॉसिंग स्टेशनांमधला प्रत्येक सेक्शन वेगळा दाबा आणि सर्वांत वाईट तो घ्या.

दिवा_डाउन

म्हणजे जपानच्या शिंकान्सेनवाल्यांनी क्षमता वाढवली ती कशी? तिथे तर तासाला १७ म्हणतात.

शिंकान_पंचाऐंशी

हो. १९६४ मध्ये तोकाइदो (तोक्यो–ओसाका मार्ग) सुरू झाली तेव्हा तासाला एक हिकारी (जलद) आणि एक कोदामा (सर्व थांब्यांची). मार्च २०२० पासून गर्दीच्या तासाला १२ नोझोमी (सर्वांत कमी थांब्यांच्या), २ हिकारी, ३ कोदामा, एका दिशेला १७. गाडी १६ डब्यांची, १३२३ आसने, म्हणजे तासाला २२ हजारांवर आसने. मार्ग तोच, दोन लाइनींचा, ५१५ किमीचा.

मुख्य काम गाड्या सारख्या करण्याचे होते. ऑक्टोबर २००३ पर्यंत शेवटच्या जुन्या ताशी २२० च्या गाड्या काढल्या, सगळ्या २७० च्या झाल्या, आणि नोझोमी तासाला ७ पर्यंत गेल्या. २०२० मध्ये सगळ्या एन-७०० जातीच्या, सगळ्या २८५ च्या. एक हळू जातीचा रेक ताफ्यात असेल तर तो वेळापत्रकात दोन-तीन गाड्यांची जागा खातो, मग तो भंगारात काढलेला स्वस्त पडतो. कोदामा प्रत्येक स्थानकात थांबते, पण बाजूच्या फलाटाला, आणि मधल्या लाइनीवरून नोझोमी तिला मागे टाकते. कोदामा रेंगाळते म्हणून प्रवासी कुरकुरतात. पण तिच्या त्या रेंगाळण्यावरच बाकीच्या १२ चालतात.

एक गोष्ट लोक विसरतात: ही लाइन मध्यरात्री ते सकाळी ६ बंदच असते. देखभाल तेव्हा. क्षमता १८ तासांची मोजायची, २४ ची नाही.

शेवटचा अडसर टोकाच्या स्टेशनात. तोक्योला या मार्गाच्या फलाटलाइनी सहाच, १४ ते १९. तासाला १७ गाड्या सुटतात म्हणजे ३६० फलाट-मिनिटे भागिले १७, एका गाडीला सरासरी २१ मिनिटे. त्यात आत येणे, उतरणे, सफाई, चढणे, सुटणे, आणि पुढची गाडी शिरण्याआधीचा मोकळा वेळ. २०२० च्या वेळापत्रकासाठी गाडीच्या सफाईचा वेळ १२ वरून १० मिनिटांवर आणला. बारा नोझोमी निघाल्या त्या सगळ्या गाड्या २८५ च्या झाल्याने, आणि या दोन मिनिटांतूनही. रूळ आधीचेच होते.

आपल्या बीकेसीलाही (मुंबईचे बुलेटचे टोकाचे स्टेशन) फलाट सहाच आहेत. आराखड्यानुसार सुरुवातीला दिवसाला एका दिशेने ३५ गाड्या, गर्दीला दर वीस मिनिटांनी एक. तेवढ्याला सहा फलाट भरपूर झाले. पण उद्या संख्या वाढली, तर फलाटाइतकाच घसा (स्टेशनच्या तोंडाशी रूळ एकत्र येतात ती जागा) महत्त्वाचा ठरेल. स्टेशनच्या तोंडाशी येणारी गाडी जाणारीला आडवी गेली, तर दोघींपैकी एक थांबणार. तो पॉइंट ओलांडायला लागणारा वेळ × तासाच्या आडव्या जाण्यांची संख्या, हे वेगळे मोजा. फलाट मोकळा आणि गाडी बाहेर उभी, हे चित्र बहुतेक वेळा याचेच.

पॅरिस–ल्याँचेही तसेच. १९८१ ची लाइन, तासाला १३ गाड्यांवर अडकली. ती १६ पर्यंत न्यायला त्यांनी ईटीसीएस (युरोपची सामाईक गाडी-नियंत्रण पद्धत) सिग्नल घेतले. वेग वाढवायच्या भानगडीत पडले नाहीत.

आकडेमोड

याच्यातून आपल्यासाठी एक नेमके उत्तर निघते. संपूर्ण कोकण रेल्वे दुहेरी करणे खर्चिक: नव्वदच्या वर बोगदे, पानवलचा ६४ मीटर उंच पूल, कितीतरी खोल कटिंग. पण मधले सोपे तुकडे दुहेरी केले तर? ते किती लांब हवेत याचा हिशेब येतो.

दोन गाड्या समोरासमोर ताशी ९० ने येताहेत आणि न थांबता एकमेकींना ओलांडायच्या आहेत. एक गाडी एक मिनिट उशिरा आली की भेटीची जागा पाऊण किमी सरकते. (दोन्हींच्या वेगांचा गुणाकार भागिले बेरीज, ९० आणि ६० असतील तर मिनिटाला ६०० मीटर.) दोन्हीकडच्या गाड्यांचा उशीर दहा मिनिटांपर्यंत पोटात घ्यायचा, तर साडेसात किमी इकडे आणि साडेसात तिकडे: १५ किमीचा दुहेरी तुकडा. नेहमीची ७०० मीटरची लूप एक मिनिटही सांभाळत नाही, म्हणून तिथे एकीला उभे राहावेच लागते.

तेव्हा निवेदनात "दुहेरीकरण करा" एवढेच लिहू नका. पंधरा किमीचे तुकडे कुठे बसतील, आणि वेळापत्रकात गाड्या साधारण कुठे भेटतात, हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवा. तुकडा सपाट जागेत आहे पण तिथे क्रॉसिंगच पडत नाही, तर तो बिनकामाचा.

दिवा_डाउन

भेटीच्या जागा काढायला आकडे कुठून घ्यावेत? ॲपवरचा रनिंग स्टेटस चालेल का?

चार्टवाला

ॲपचा नको. त्यात बरेचदा थांब्याच्या स्टेशनांच्या वेळा नीट असतात, पण जिथे गाडी थांबत नाही तिथल्या अंदाजाने भरलेल्या असतात, आणि क्रॉसिंग नेमकी तिथेच होतात. कर्मचाऱ्यांसाठीचे वर्किंग टाइम टेबल मिळाले तर त्यात प्रत्येक स्टेशनच्या जाण्याच्या वेळा, सेक्शनचा धावकाळ, आणि सवड म्हणून घातलेली मिनिटे वेगळी दिलेली असतात. माहिती अधिकारात मागताना पाच गोष्टी नावाने मागा: प्रत्येक ब्लॉक सेक्शनची लांबी, त्यातला प्रवासी आणि मालगाडीचा धावकाळ, प्रत्येक स्टेशनच्या लूपची लांबी, तिथला पॉइंटचा वेग, आणि दोन्हीकडून एकाच वेळी गाडी घ्यायची सोय आहे की नाही. "क्षमता किती?" असे विचारलेत तर एक टक्केवारी येईल, आणि ती कशी काढली हे विचारायला पुन्हा अर्ज करावा लागेल.

धावकाळ आले की इथे टाका. उक्षी–भोकेपासून सुरुवात करू.